आम्ही कावीळ सांगितली

आमचं लग्न वादविवाद स्पर्धेत जमलं. हे मी किती तरी भाषणांत सांगितलं आहे आणि दरवेळी लोक हसले आहेत. यवतमाळला कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना आम्हा दोघांची जोडी जायची. तिथला नियम असा, की प्रत्येक कॉलेजनं दोन स्पर्धक पाठवायचे, एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध, आणि दोघांचे गुण एकत्र करून फिरता चषक द्यायचा. म्हणजे व्यासपीठावर एकमेकांची सालं काढायची आणि खाली उतरून चषक मिळून घरी न्यायचा. पुढे तो वकील झाला, मी घाटंजीच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवू लागले, पण सवय सुटली नाही. आमच्या घरात वांग्याची भाजी करायची की नाही यावरसुद्धा दोन बाजू पडतात. दोघंही तावातावानं बोलतो आणि भाजी शेवटी जी व्हायची तीच होते. गावाला या जोडीचं फार कौतुक आहे. मलाही होतं.

मुलगा नागपूरला शिकला आणि तिथंच एका कंपनीत लागला. आधी रोज फोन करायचा, मग सणावारी यायचा, मग सणालाही येईनासा झाला. आम्ही म्हणायचो, कामाचा ताण आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या घरमालकानं आम्हाला बोलावून घेतलं, तेव्हा कळलं की तो पावडर घेतो. पेपरात जिला एमडी म्हणतात ती. अमुक ठिकाणी साठा पकडला, तमुक ठिकाणी पोरं सापडली, अशा बातम्या मी सकाळच्या चहाबरोबर वाचत आले होते आणि ‘कोणाची पोरं असतात ही, देव जाणे’ असं म्हणून पान उलटत आले होते.

नागपूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याला ठेवलं. तिथून घरी सोडताना तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. गोळ्या चुकवू नका. पोटभर, चांगलं खाऊ घाला, अंगात काही उरलेलं नाही त्याच्या. जुन्या संगतीतल्या कोणालाही दाराशीसुद्धा येऊ देऊ नका. आणि घरातल्या जवळच्या माणसांना खरं काय ते सांगून ठेवा, म्हणजे त्यांचंही लक्ष राहील. मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान डोलवत होते. शेवटच्या वाक्यालाही डोलवली.

घरी आणलं त्या दिवशी गाडीतून उतरतो न उतरतो तोच समोरच्या काकू फाटकाशी आल्या. पोराचे गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. ‘काय झालं व याले? किती वाळला!’ काकू म्हणाल्या. नवरा गाडीच्या डिकीतून बॅग काढत होता. त्यानं वरही न पाहता सांगितलं, ‘कावीळ झाली होती.’ कोर्टात पुढची तारीख मागावी इतक्या सहज.

मला हायसं वाटलं. खरं सांगते, इतकं हायसं मला केंद्रातल्या डॉक्टरांनी ‘सुधारणा आहे’ म्हटल्यावरही वाटलं नव्हतं. किती चांगला आजार शोधून काढला होता त्यानं! कावीळ कोणालाही होते, पाण्यानं होते. कावीळ झालेल्याच्या आईला कोणी विचारत नाही, की तुमचं लक्ष कुठं होतं. मुलानं मात्र गाडीचं दार लावलं, बापाकडे एकदा पाहिलं आणि घरात गेला.

पण आम्हाला एक सुचलं नाही. आमच्याकडे कावीळ हा घरातल्या माणसांपुरता आजार नसतो, सगळ्या आळीचा असतो. दुसऱ्या दिवशीपासून बायांची रांग लागली. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा पाला, कोणी लोणी काढलेलं ताक. प्रत्येकीच्या माहेरी एक कावीळ बरी करणारा होता. मुलगा गादीवर भिंतीला टेकून बसायचा आणि ‘हो काकू’, ‘घेतो मावशी’ म्हणायचा. एकीनं त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि अजून पिवळेपणा आहे म्हणून सांगितलं. मी शेजारी उभी राहून हो म्हटलं.

मग राळेगावहून नणंद आली. नवऱ्याची थोरली बहीण, मी तिला ताई म्हणते. कापूस वेचणीचे दिवस होते, घरी शेतीचा पसारा, तरी भाच्याची कावीळ ऐकून ती दोन लुगडी पिशवीत घालून एसटीनं आली. येताना तिनं काविळीची माळ आणली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कसल्याशा झाडाच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. सुरुवातीला ती एवढीशी, डोक्यावर टाळूशी ठेवतात. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, कानांवरून खाली सरकते आणि गळ्यात येते, मग आजार गेला म्हणायचा. ताईनं मुलाला पाटावर बसवलं, पूर्वेकडे तोंड केलं आणि त्याच्या डोक्यावर माळ ठेवली. माझा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला मुलगा मान खाली घालून बसला होता. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त. मी देवघरात दिवा लावायला गेले.

ताई राहिली आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. ‘अवं, बिना फोडणीचं वरण दे त्याले. तेलाचा थेंब नको, हळदीचं बोट नको,’ ती मला बजावायची. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं की दूध-तूप, डाळी, जे आवडेल ते खाऊ घाला. ज्या पोराच्या अंगावर मांस चढायला हवं होतं, त्याला आम्ही पांढरा भात आणि पातळ ताक देत होतो, का, तर आम्ही कावीळ सांगितली होती. ताई दुपारी लवंडली की मी चोरून त्याला तुपाचा शिरा नेऊन द्यायचे. आपल्याच घरात, आपल्याच पोराला, पदराखाली झाकून. आणि गंमत अशी की माळ वाढत होती. टाळूवरची कानावर आली. ताई रोज सकाळी बोटांनी चाचपून पाहायची आणि हात जोडायची.

त्या सुमारास वाचनालयाचे सचिव घरी आले. वार्षिक कार्यक्रमात दरवर्षी आम्हा दोघांचा वादविवाद असतो, तो लोकांचा आवडता. सचिवांनी विषय सांगितला तेव्हा मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत होते. ‘अमली पदार्थांचं सेवन गुन्हा मानू नये, त्यांची विक्री परवान्यानं करावी आणि त्यावर कर लावावा.’ एमडीच्या बातम्या रोजच्या झाल्या आहेत, म्हणून समितीला तो जिव्हाळ्याचा वाटला होता. ‘तुम्हा दोघांशिवाय हा पेलणार कोण?’ सचिव म्हणाले. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल, लोक शंका घेतील, असं आम्ही नंतर एकमेकांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं. विषय ऐकताच नवऱ्याच्या भुवया उंचावल्या होत्या, मुद्दा सुचला की उंचावतात तशा, आणि माझ्याही डोक्यात वाक्यं जुळायला लागली होती. कुणी हार्मोनियम उघडली की गाणाऱ्याचा घसा आपोआप खाकरतो, तसं आमचं आहे.

तयारी आम्ही बैठकीतच करायचो. त्यानं बाजू घेतली, मी विरोध. आधी हळू आवाजात बोलायचो, मग आवाज आपसूक चढायचे. तो म्हणायचा, ‘ज्याला दवाखान्यात न्यायचं त्याला आपण लॉकअपमध्ये नेतो. मग तो लपतो. लपतो म्हणून मरतो. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा दारू थांबली होती का? आपल्याच जिल्ह्यातून जात होती, आणि पिणाऱ्याला काय पाजलं जातंय ते कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या मालावर कर असतो त्याला निदान दुकान असतं, पाटी असते, मालाचं नाव लिहिलेलं असतं. अरे, आजार आहे तर त्याचं नाव घ्या! चारचौघांत घ्या!’ तो टाळी मारून हे म्हणायचा आणि मी लगेच उसळायचे. ‘देशी दारूच्या दुकानालाही पाटी आहे, वकीलसाहेब. सरकारला तिचा कर पोचतो आणि माणूस नालीत पोचतो. खेड्यापाड्यांतल्या बायांना जाऊन विचारा, त्या पाटीचा काय उपयोग झाला.’

इथपर्यंत ठीक होतं. पण मला शेवट हवा होता. एका संध्याकाळी तो मला सापडला आणि मी उभी राहूनच म्हणाले, ‘कायदा एकवेळ चुकवता येतो, लाज चुकवता येत नाही. माझ्या आईला तोंड कसं दाखवू, एवढ्या एका विचारानं कितीतरी पोरं त्या वाटेवरून परत फिरतात. गुन्हा नाही म्हटलंत की तीही लाज गेली. मग या पोरांना अडवणार कोण?’ नवरा खूश झाला. ‘हे शेवटी घे, टाळ्या आहेत याला,’ म्हणाला. त्याच वेळी आतल्या खोलीचं दार आतून लोटलं गेलं. आपटलं नाही, हळूच लोटलं. मी पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता मुलाच्या एका मित्राबद्दल. भेटायला येणाऱ्यांत नागपूरचा एक मुलगा होता. मोटारसायकलवर यायचा, हातात नारळपाण्याची पिशवी, आल्या आल्या ताईच्या पाया पडायचा, मग माझ्या. पहिल्यांदा आला तेव्हा मी कॉलेजात होते, ताईनंच त्याला आत घेतलं, चहा पाजला. ‘किती सोन्यासारखं पोट्टं आहे व! इतक्या दूरून आलं,’ ती सांगत होती. रात्री जेवणाचं ताट घेऊन आत गेले तर माझा मुलगा म्हणाला, ‘आई, तो आजचा जो होता ना, त्याले घरात घेऊ नको.’

‘काहून? पावडर देणारा तोच आहे काय?’

‘तू फक्त घेऊ नको.’

‘अरे पण ताईले काय सांगू मी?’

मग त्यानं ताट ओढून घेतलं आणि भात कालवायला लागला. डोक्यावरची माळ डोळ्यांवर येत होती, ती मागे सारली. मला आता वाटतं, त्या दिवशी तो पोरगा बुडता बुडता माझ्याकडे हात करत होता आणि मी काठावरून विचारत होते, की लोकांना काय सांगू.

दुसऱ्यांदा तो मित्र आला तेव्हा मी घरात होते. दारात उभी राहिले. म्हणायचं एवढंच होतं, की आत येऊ नकोस. पण बैठकीत ताई बसली होती, सोबत शेजारच्या दोघी होत्या, आणि सगळ्या गावाला खुलं असलेलं दार या एकट्यालाच बंद का, हे मला सांगावं लागलं असतं. डॉक्टरांनी मनाई केली आहे, एवढं तरी म्हणता आलं असतं. ते सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, मला माहीत नाही. तो वाकून पाया पडला. माझ्या तोंडून सवयीनं ‘सुखी राहा’ निघून गेलं. मग मी चहा टाकला. आलं घालून. आत दोघं जास्त वेळ नव्हते, मी सारखी काही ना काही कारण काढून जात होते आणि त्या दिवशी काही झालं नाही, असं मला वाटलं. म्हणून मी स्वतःची समजूतही घातली.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. मुलाजवळ ताई होती. हॉल भरला होता, माझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. नवरा असा बोलला, की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले. ‘आजाराचं नाव चारचौघांत घ्या’ या वाक्याला टाळ्या झाल्या. माझ्या लाजेच्या वाक्याला त्याहून जास्त झाल्या. टाळ्या चालू असताना मी खुर्चीवर बसले. मला दिसलं की दोघांनीही आपापली बाजू पोराच्या जिवावर सजवली आहे. तरी सत्कार घेतला. शाल पांघरून घेतली, नारळ हातात घेतला, फोटोला उभे राहिलो. उठून घरी पळत जावं असं वाटलं होतं, गेले नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई दारातच भेटली, तोंडभर हसत. ‘आज किती बोलून राह्यला व पोट्टा! किती दिवसांनी हासला! त्याचा तो दोस्त येऊन गेला, तेव्हापासून खुलला. अन् पाह्य, माळ गळ्यात आली. गुण देल्ला बाप्पा माळीनं!’

तो बैठकीत येरझारा घालत होता. कपाळ घामानं चमकत होतं, जबडा एकसारखा हलत होता, डोळे नुसते काळे. तोंडाचा पट्टा चालू होता, नोकरीचं, क्रिकेटचं, घराला रंग द्यायचं, एकातून दुसरं. गळ्यात काविळीची माळ लोंबत होती. नवरा दारातच थबकला. खांद्यावर शाल, हातात नारळ. अर्ध्या तासापूर्वी ज्या माणसानं हॉल हलवला होता, तो बहिणीला म्हणाला, ‘हो. माळीचाच गुण.’ मीही मान डोलवली.

मुलगा आमच्यासमोर येऊन थांबला. ‘जिंकलं कोण?’

‘स्पर्धा नव्हती ती,’ नवरा म्हणाला.

‘मंग माह्याकडून कोण बोललं?’

आम्ही दोघंही जन्मभर बोलत आलो आहोत. नवऱ्यानं हातातला नारळ टेबलावर ठेवला, मी शालीची घडी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला परत केंद्रात न्यायचं ठरवलं. तो स्वतःच म्हणाला, चला. ताईला सांगितलं, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवून आणतो. माळ गळ्यात आल्यावर डॉक्टर कशाला, असं तिचं म्हणणं होतं, पण शिकलेल्या लोकांपुढे ती फार ताणत नाही. जाता जाता तिला घाटंजीच्या बसस्टँडवर राळेगावच्या गाडीत बसवून द्यायचं होतं. नवरा तिची पिशवी घेऊन पुढे गेला, तिला खिडकीशी जागा मिळवून दिली आणि कार काढायला गेला. मी आणि मुलगा खिडकीखाली उभे होतो. बस सुरू होऊन घरघरत होती. ताईनं खिडकीतून हात काढून त्याच्या तोंडावरून फिरवला.

मुलानं गळ्यातली माळ काढली आणि तिच्या हातात दिली. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो मोठ्यानं बोलला. ‘आत्या, मले कावीळ नव्हती. मी पावडर घेतो. नशेची. नारळपाणी घेऊन येत होता ना, तो पोट्टा देते मले.’

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. ताईकडेही नाही. मी आधी आजूबाजूला पाहिलं. कंडक्टर पाहत होता. पाण्याची बाटली घेत असलेली एक मुलगी वळली होती, ती आमच्या कॉलेजची आहे का, ते मी पाहत होते. चौकशीच्या खिडकीशी कोण उभं आहे, ते पाहत होते.

ताई म्हणाली, ‘अरे, मंग पयलेच सांगायचं नाही काय रे मले! दारातूनच हाकलला असता ना म्या त्याले! म्या त्याले चहा पाजला रे, बापू!’ तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिनं एकदाही इकडंतिकडं पाहिलं नाही. बस हलली तरी तिचा हात त्याच्या मनगटावर होता आणि तो बसबरोबर चार पावलं चालत गेला. मग वळून माझ्याकडे आला. मी आजूबाजूला पाहत होते, ते त्याला दिसलं होतं.

केंद्राच्या फाटकाशी त्यानं आपली बॅग स्वतः घेतली. ‘येईन मी घरी,’ तो म्हणाला. ‘पण कावीळ होऊन येणार नाही आता.’

त्याला बरेच दिवस झाले. तो तिथं बरा आहे, जेवतो, झोपतो, सकाळी सगळ्यांबरोबर आवार झाडतो. ताई राळेगावहून एकटी एसटी बदलत बदलत त्याला दोनदा भेटून आली, तिळाचे लाडू घेऊन. आता तुम्ही न्या, असं केंद्रातल्या बाई फोनवर म्हणतात. त्याची खोली मी झाडून पुसून ठेवली आहे, गादीवर धुतलेली चादर घातली आहे.

काल फुलं तोडत होते तर समोरच्या काकू फाटकाशी आल्या. ‘काय व, पोराची कावीळ उतरली काय?’ त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं वाक्य तयार होतं, कित्येक दिवस घोकलेलं. नवरा व्हरांड्यात पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘उतरून राह्यली,’ मी म्हणाले.

त्यानं पेपर परत वर घेतला. इतक्या वर्षांत आमच्या घरात याच एका विषयावर विरुद्ध बाजूनं कोणी बोललं नाही.